सगळ्यांसाठी, की फक्त माझ्यासाठी

इश्बेलबाई तीन जिने चढून कॉम्प्युटर घेऊन आल्या
तेव्हा टे नदीवरचं धुकं खिडकीला टेकलं होतं.
"डूगलचा. अजून चालतो.
पासवर्ड त्याच्या वहीत आहे, शेवटच्या पानावर."
चहा नको म्हणाल्या, निघाल्या,
आणि निम्म्या जिन्यावरून परत आल्या
माऊस द्यायचा राहिला म्हणून.

मला हवं होतं एकच सॉफ्टवेअर, विणकामाचे नमुने काढायचं,
कॉलेजच्या यादीतलं पहिलं.
त्याला चालायला लागतं दुसरं,
दुसऱ्याला तिसरं.
एका पाहुण्याला जेवायला बोलवावं
आणि त्यानं भाचरं घेऊन यावं, तसं.

इन्स्टॉलर अदबीनं विचारतो, कुठे ठेवू?
उत्तर त्यानंच लिहून आणलेलं असतं:
सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स.
दोन शब्दांच्या मधे एक मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेची मला धास्ती आहे.
मागच्या वेळी कमांड तिथवर आली आणि तुटली,
अर्धं नाव घेऊन भलतीकडेच शोधत बसली.
इचलकरंजीत बाबा म्हणायचे,
धागा तुटला तरी माग धडधडत राहतो,
कान मागाला नाही, धाग्याला लाव.

मग डूगलची पद्धत पाहिली.
ड्राइव्हच्या अगदी मुळाशी एक फोल्डर: टूल्स.
आत नावं छोटी, एकसंध, कुठेही फट नाही,
गॅरेजच्या भिंतीवर पाने-पक्कड टांगावेत तशी.
प्रत्येकापाशी दोन ओळींची चिठ्ठी:
"काढू नये. प्रिंटर याच्यावर जगतो."
"काढलं तरी चालेल. मला आवडतं म्हणून ठेवलंय."

मी बराच वेळ ती दुसरी चिठ्ठी वाचत बसले.

माझ्या स्वतःच्या फोल्डरात टाकलं असतं
तर कुणाला विचारायला नको.
उद्या खातं पुसलं की सगळं पुसलं जाईल,
भिंतीला भोक नाही, डिपॉझिट पूर्ण परत.
आठ महिने मी या फ्लॅटमध्ये अशीच राहतेय.
विळी अजून बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेली.

पुढच्या खिडकीत इन्स्टॉलरचा शेवटचा प्रश्न:
या कॉम्प्युटरच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी,
की फक्त माझ्यासाठी?
खाली दोन गोल रिकामे.

सगळे म्हणजे कोण?
लॉगिनच्या पडद्यावर दोन खाती आहेत.
एक मानिनी, फोटोच्या जागी राखाडी डोकं.
एक डूगल, हातात मासा,
मार्चपासून एकदाही न उघडलेला.

मी "सगळ्यांसाठी"वर टिचकी मारली.
लगेच परवानगी मागितली गेली, मालकाची.
वही उघडली. पासवर्ड सांगणार नाही,
एवढंच सांगते की त्यात इश्बेलचं नाव नाही,
एका बोटीचं आहे.

रस्ता हातानं टाइप केला, अक्षर अक्षर,
सी, टूल्स, आणि माझ्या सॉफ्टवेअरचं नाव एका दमात.
हिरवी पट्टी भरत गेली, मधे एकोणसत्तरवर रुसली,
पंखा घरघरला, मग चालू.
शेवटी मीही एक चिठ्ठी ठेवली:
"मानिनी, ऑक्टोबर. नमुन्यांसाठी.
काढायच्या आधी विचारावं."
कुणाला, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यांपाशी इश्बेलबाई भेटल्या.
"लागलं का तुझं ते?"
"लागलं. त्यांच्या वस्तूंतच ठेवलंय, टूल्समध्ये."
त्यांनी झाकण हातात धरूनच ठेवलं क्षणभर.
"तिथे?" म्हणाल्या,
"तिथे मला त्यानं कधी बोटसुद्धा लावू दिलं नाही."
आणि काचेच्या बाटल्या
एकेक करून
चुकीच्या डब्यात टाकू लागल्या.